मुरमातला वाफा

शाळा मी चौथीत सोडली. पण उकिरडा कसा रचावा हे विचारायला गावातली कर्ती माणसं माझ्याकडं यायची, तेव्हा मला मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. शेण, राख, गोठ्यात उरलेला कडबा, असे थरावर थर, मधून मधून पाणी आणि वरून माती. सहा महिन्यांनी फावडं घातलं की आतून चहाच्या भुकटीसारखं काळंभोर खत निघायचं, आणि नाकाला लावलं तरी घाण वास नाही. मोठेपणा सांगत नाही, होतं ते लिहितो. या वहीत आतापर्यंत मी विहिरीचं लिहिलं, बैलजोडीचं लिहिलं, बांधावरून भावकीशी झालेल्या भांडणाचं लिहिलं, आणि वाचणाऱ्याला वाटेल की या माणसाचंच दर वेळी खरं कसं निघतं. हे प्रकरण तसलं नाही. हे मी लिहिणारच नव्हतो.

आमचं घर नेकनूरच्या पलीकडं, डांबरी सडकेपासून जरा आत. दगडमातीच्या दोन खोल्या, वर पत्रा, पुढं मोठं अंगण आणि अंगणाच्या कडेला गोठा. घरात माणसं पाच. वडील म्हणजे अण्णा, आई म्हणजे माय, थोरला भाऊ नाना, त्याची नवीन लग्न होऊन आलेली बायको, आणि मी. सकाळी जाग यायची ती मायच्या रवीच्या घुमण्यानं. मग विहिरीवरचं इंजिन सुरू व्हायचं, त्याचा टुक टुक आवाज दुपारपर्यंत कानात बसलेला असायचा. आणि या दोन्हींच्या मधे भाकरी थापल्याचा आवाज. माय थापायची तेव्हा तो दणदणीत यायचा, लांबून कळायचं. वहिनी आली तशी तो बदलला. तिचा हात हलका होता, भाकरी पातळ आणि मोठी व्हायची. येसर, म्हणजे आमच्याकडचा भाजून दळलेला आमटीचा मसाला, मात्र तिला माहीत नव्हतं. पहिल्यांदा येसराची आमटी खाल्ली तेव्हा तिला ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं, आणि माय म्हणाली, "बंगल्यावर काय दूधभात खात होतीस का गं?" त्यावर वहिनी ठसक्यातच हसली. तिथून पुढं मायनं तिला कधी परकी धरली नाही.

बंगल्यावर म्हणायचं कारण, वहिनी शहरातल्या सरकारी बंगल्याच्या माळ्याची लेक. तिचे वडील किसनराव, त्यांना ती दादा म्हणायची. बंगल्याच्या मागं माळ्याची एक खोली होती, त्या खोलीत ती वाढलेली. सातवी पास. दर पंधरा दिवसांनी ती दादांना पोस्टकार्ड लिहायची, बारीक, सरळ, एका रेषेतलं अक्षर. मी ते चोरून बघायचो. मला जोडाक्षराचा पाय कुठं द्यायचा हे धड कळत नव्हतं, आणि ही बाई चुलीपुढं बसून, कार्ड गुडघ्यावर ठेवून सरसर लिहिते, हे मला कुठं तरी टोचायचं. आज कबूल करायला हरकत नाही. त्या वयात कुणी मला विचारलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीनंतर तिला माहेराहून पोचवायला किसनराव स्वतः आले. काटक माणूस, डोक्याला टोपी, नखांत माती. नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी बंगल्यापुढचे जुने वाफे उपटून सगळीकडं हिरवळ लावली होती. चहा झाल्यावर त्यांनी धोतराच्या कनवटीतून एक चिंधी काढली, सोडली, आणि तळहातावर नऊ बिया ठेवल्या. हरभऱ्याएवढ्या, पण सुरकुतलेल्या, वाळक्या मातीच्या रंगाच्या. म्हणाले, हे गोऱ्या साहेबाच्या बाईनं लावलेलं फूल. त्या वेलाला ते स्वतः नस्टरशम म्हणायचे. नस्टर्शियम असा नीट शब्द मी परवा कुठं तरी वाचला. आमच्या घरात त्याचं नाव बंगल्याचं फूल असंच पडलं. एरवी ते केशरी नाही तर पिवळं येतं, पण किसनरावांनी वर्षानुवर्षं सगळ्यांत गडद फुलाचं बी तेवढं धरत धरत एक रंग काढला होता, काळपट लाल, गुळगुळीत, वाळलेल्या बेडगी मिरचीच्या आतल्या बाजूसारखा. त्या वर्षी पावसात खोली गळली, बियांची बरणी भिजली, आणि राहिल्या त्या या नऊ. पोरगा दिगंबर औरंगाबादेकडं नर्सरीत कामाला, भाड्याच्या खोलीत, आणि आता किसनरावही तिथंच. त्यांच्याकडं आता वाफाभर माती नव्हती.

"जुनं बी उगवत न्हाई," ते वहिनीला म्हणाले. "औंदा लावायलाच पायजे. फुलं आली की मी येतो. गडद बघून बी आपण दोघं मिळून धरू."

मग त्यांनी जागा शोधली. आमच्या अंगणात एकाहून एक माती होती. मी त्यांना गोठ्याच्या कडेची काळी जागा दाखवली, जिथं नुसता दांडा रोवला तरी पालवी फुटेल. त्यांनी मान हलवली आणि ते उगवतीच्या भिंतीपाशी गेले. तिथं विहीर खोदतानाचा मुरूम आणून टाकलेला, नुसते खडे. त्यांनी माझ्याकडून पहार मागून घेतली, हातभर खोल मारली, खालचं वर काढलं, बोटांत चोळलं, आणि म्हणाले, "हितं. ह्याच्यात काई न्हाई. हेच पायजे."

"अवो मामा, ह्याच्यात कुसळ उगवत न्हाई," मी म्हणालो.

"म्हणूनच. ह्या झाडाला पोटभर घातलं की त्ये आळशी होतं, नुसतं पान वाढवीत बसतं. उपाशी ठेवलं की त्याला लेकरांची काळजी लागती, मग फुलतं." आणि वहिनीकडं वळून म्हणाले, "शांते, चिमूटभर खत घालायचं न्हाई. ध्यानात ठेव."

वहिनीनं बिया रात्रभर भिजवून बोटाच्या एका पेराएवढ्या खोल लावल्या. नवातल्या आठ उगवल्या. पानं गोल, छत्रीसारखी मधोमध देठावर बसलेली, पाणी टाकलं की त्याचा मणी होऊन पानावर इकडून तिकडं पळायचा. पण लहान. चार आण्याच्या नाण्याएवढी, फिकट, काही तर पिवळट. ती रोज सकाळी भाकऱ्या झाल्या की परातीतलं पिठाळ पाणी लांब ओतून यायची, वाफ्यात पडू द्यायची नाही, आणि तांब्यानं साधं पाणी मोजून घालायची. मी येता-जाता बघायचो आणि माझं डोकं फिरायचं. आमच्या अंगणात, आमच्या खताच्या ढिगापासून वीस पावलांवर, झाड उपाशी मरतंय, आणि लोक बघताहेत.

लोक बघतच होते. हुरड्याचे दिवस होते, कणसं भाजायच्या आमच्या आगटीवर माणसं यायची. माझा दोस्त भगवान त्या वाफ्यापुढं उभा राहून म्हणाला, "रामा, तुज्या वहिनीच्या झाडांना काविळ झाली का बे? का तुजा उकिरडा नुसता बोलायचाच हाय?" सगळे हसले. नानाही हसला. मी हातातलं कणीस आगटीत टाकलं आणि उठून गेलो.

त्याच संध्याकाळी मी वहिनीला म्हणालो, "वहिनी, थोडी लेंडी घालू का? मुळापाशी. कुणाला कळनार बी न्हाई."

ती तवा धूत होती. वर न बघता म्हणाली, "भाऊजी, जवारीचं तुमाला कळतं, कापसाचं कळतं. ह्ये तुमचं न्हाई."

बास, एवढंच. आवाजात राग नव्हता. माय तर म्हणालीसुद्धा, "बरोबर हाय, त्याला सगळ्यात हात घालायची सवय." पण मला ते असं लागलं की मी दोन दिवस धड जेवलो नाही. आज सत्तरी ओलांडल्यावर त्या शब्दांत लागण्यासारखं काय होतं हे मी शोधायला बसलो तर सापडत नाही. ती खरंच बोलली होती. बहुतेक तेच लागलं असेल.

तीन-चार दिवसांनी सिरसाळ्याला तिच्या मावशीकडं बारसं होतं. नाना आणि ती सकाळच्या गाडीनं गेले. माय खळ्यावर, अण्णा विहिरीवर. भर दुपारी घरात कुणी नव्हतं. मी लेंडीखताची घमेली भरून आणली. आमच्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसायच्या, ती लेंडी मी वेगळी रचून कुजवलेली होती, माझ्या ढिगातली सगळ्यांत कडक. एकेका वेलाभोवती मुरूम हातानं उकरला, मुळाला धक्का न लावता, खत भरलं, वरून तोच मुरूम पसरला, खडे जसेच्या तसे लावले. फार निगुतीनं केलं. इतकं की वाफ्याकडं बघून मलाच कळेना कुठं हात लावलाय. मग पाणी दिलं, हात धुतले, भाकरी खाल्ली. त्या दिवशी जेवण गोड लागलं, हे मला अजून आठवतं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

माझा बेत साधा होता. फुलं येतील, बंगल्यावर कधी आली नव्हती एवढी मोठी येतील, किसनराव येऊन तोंडात बोट घालतील, आणि मग मी सगळ्यांपुढं सांगेन की मामा, लेंडी मी घातली होती. तोवर गप्प बसायचं.

पंधरा दिवसांत वाफा ओळखू येईना. पानं बशीएवढी झाली, गर्द हिरवी, एकावर एक चढलेली. वेल भिंतीवर गेला, तिथून गोठ्याच्या कुडाला लागला. भगवाननं येऊन बघितलं आणि गुपचूप माघारी गेला. माय म्हणाली, "सूनबाई, तुज्या हाताला गुण हाय गं." वहिनी मात्र हसली नाही. ती वाफ्यापाशी उकिडवी बसून पानं वर करून खाली बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "भाऊजी, ह्ये लईच माजलंय. दादांच्या वाफ्यात असं कदी बघितलं न्हाई मी."

"जागा चांगली हाय," मी म्हणालो.

संक्रांत गेली. कळी नाही. रथसप्तमी गेली. कळी नाही. मी रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी वाफा बघायला लागलो होतो. पानांत हात घालून चाचपायचो. सोंड असलेली ती कळी कशी असते हे वहिनीनं मला काडीनं मातीत काढून दाखवलं होतं, तशी कुठं लागते का ते शोधायचो. आता मला मोठी फुलं नको होती. एक गडद फूल आलं असतं आणि त्याला एक बी धरलं असतं तर मला पुरलं असतं. उन्हं तापायला लागली होती आणि हे झाड उन्हात टिकत नाही हे किसनराव सांगून गेले होते. खोटं कधी सुरू झालं असं कुणी विचारलं तर मी घमेल्याचा दिवस सांगणार नाही. तो मूर्खपणा होता. खोटं सुरू झालं ते या दिवसांत, रोज सकाळी थोडं थोडं.

माघ संपता संपता किसनराव आले. गाडीतून उतरून पायी, खांद्याला पिशवी. त्या पिशवीत वहिनीसाठी पेरू होते आणि बी ठेवायला शिवून आणलेल्या लहान लहान कापडी पुरचुंड्या, वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्यांच्या. पाय धुवायला पाणी दिलं ते तसंच ठेवून ते आधी वाफ्याकडं गेले. मी गोठ्यापाशी बैल चोळत होतो. दहा पावलांवर.

त्यांनी पानं वर करून आत बघितलं. मग खाली बसले, एक पान खुडलं, देठासकट तोंडात घातलं आणि डोळे मिटून चावलं. या पानाला मुळ्यासारखा, जरा मिरीसारखा तिखटपणा असतो. त्यांनी चोथा थुंकला आणि म्हणाले, "पाणचट." मग म्हणाले, "शांते, खत कावून घातलंस?"

"न्हाई घातलं दादा."

"लेंडी हाय ही."

"दादा, मी मूठभर बी घातली न्हाई. तुमी सांगितलं तसंच ठेवलं. भाकरीच्या परातीचं पानी सुदिक हितं पडू दिलं न्हाई."

"मग आपोआप आली का?"

किसनराव तिच्याकडं बघत होते. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "घातली म्हन. लगीन झालं, घर शेतकऱ्याचं, वाटलं असंल घालावी. मी काय मारतो का तुला? घातली म्हन, मी पेरू देतो आन चहा पितो."

"पन मी घातलीच न्हाई, तर कसं म्हनू?"

मायनं चहा आणला होता. ती मधे पडली. "इवाई, फुलाचंच तर हाय. पुढल्या वर्सी येतेल."

"पुढल्या वर्सी कशातून येतेल, ईनबाई?" ते म्हणाले. "आन फुलं गेली त्याचं मी सोसतो. लई गेली माझ्या हातनं. ही माझ्याशी कदी खोटं बोलली न्हवती. आई गेली तवापासनं आमी तिघंच हुतो, एका खोलीत. खोटं बोलायला जागाच न्हवती."

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. मी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो, एकाच जागी, केस झडतील एवढा. माझ्या मनात आलं, आता बोललो तर भगवान काय म्हणेल, नाना काय म्हणेल, गावात उकिरडा विचारायला कोण येईल. एवढंच मनात आलं. समोर एक बाप लेकीला तोडत होता आणि माझ्या मनात उकिरडा आला. हेही लिहायचं ठरवलंय.

त्यांनी चहा अर्धा प्याला, कप खाली ठेवला, मायला हात जोडले आणि चारच्या गाडीनं निघून गेले. पेरू ठेवून गेले. पुरचुंड्या घेऊन गेले.

दोन दिवस वहिनी कामाशिवाय बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली. मी कडबा तोडत होतो. "भाऊजी, खरं सांगा. दादा लेंडी म्हनत्यात म्हंजी लेंडी असनारच. त्यांचं चुकत न्हाई. त्या भिंतीपाशी आदी काय हुतं?"

तिनं मला दार उघडून दिलं होतं. एवढं सोपं पुन्हा कधी मिळणार नव्हतं. आणि मी म्हणालो, "आज्याच्या टायमाला उकिरडा हुता म्हनत्यात तितं. वरनं मुरूम टाकलाय. मुळं खाली गेली असतेल."

तिचा चेहरा एकदम सुटल्यासारखा झाला. तिनं त्याच दुपारी दादांना कार्ड लिहिलं, आणि ते नेकनूरच्या पेटीत टाकायला माझ्याच हातात दिलं. वाटेत मी ते वाचलं, एकेक अक्षर लावत. दादा, तुमचं बरोबर होतं, खाली जुना उकिरडा होता, भाऊजींनी सांगितलं, मी आधी विचारायला पाहिजे होतं, माझ्यावर राग धरू नका. मी पेटीपुढं बराच वेळ उभा राहिलो आणि मग टाकलं. मला वाटलं, झालं, मिटलं. किसनरावांनी स्वतः तिथं हातभर पहार मारून बघितली होती हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

कार्डाला उत्तर आलं नाही. वहिनीनं आणखी दोन लिहिली, मग बंद केलं. फाल्गुनात त्या वेलाला पानांच्या खाली दोन फुलं आली, दोन्ही केशरी, आणि उन्हाच्या झळीनं बी न धरता गळून पडली. वेल वाळला तेव्हा वहिनीनं तो स्वतः उपटून गुरांपुढं टाकला. दिगंबरच्या लग्नात बाप-लेकीची गाठ पडली. मी तिथं होतो. किसनराव सगळ्या पाहुण्यांना बसवत होते, तिच्यापुढं आले आणि म्हणाले, "कधी आलात? बसा, जेवून घ्या." स्वतःच्या लेकीला त्यांनी अहोजाहो केलं. वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि पंगतीत जाऊन बसली. पुढं तीन-चार वर्षांत ते गेले. निरोप पोचून ती जाईपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

त्यानंतर मी वहिनीशी फार चांगला वागलो. लोक उदाहरण द्यायचे. वाटण्या झाल्या तेव्हा मी विहिरीच्या पाण्याची पहिली पाळी तिच्याकडं दिली. नाना गेल्यावर तिच्या पोरांच्या शेताचं मी माझ्या आधी बघितलं. रोज सकाळी तिच्या दारात चहाला जायचं, ही चाळीस वर्षांची रीत. ती मला सगळ्यांपुढं म्हणायची, "भाऊजींसारखा दीर न्हाई मिळायचा." दर वेळी ते ऐकून मी मान खाली घालायचो आणि लोकांना वाटायचं, लाजला.

आता अलीकडं मी ही वही लिहायला घेतली. एका सकाळी ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मीही समोर बसून सोलू लागलो.

"काय लिवताय एवढं भाऊजी? तीन वह्या संपवल्या म्हनं."

"घरचं. जुनं."

"मग माझ्या वाफ्याचं बी लिवा. दादांनी भरोसा ठिवून नऊ बिया दिल्या आन मी खाली उकिरडा हाय का इचारलं बी न्हाई. त्यांनी विचारलं तर ताठ मानेनं न्हाई म्हनले. माझं चुकलं त्ये तसंच लिवा, झाकू नका."

पन्नास वर्षं ती हे असं धरून बसली होती, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं विसरली असेल. मी म्हणालो, "वहिनी, लेंडी मी घातली हुती."

तिला आधी कळलंच नाही. "कुठं?"

"वाफ्यात. तुमी सिरसाळ्याला बारशाला गेलता तवा."

तिनं हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली. मग म्हणाली, "आन उकिरडा?"

"उकिरडा न्हवता."

"मी पत्रात लिवलं हो त्ये."

"हां."

"त्ये पत्र तुमीच टाकलं."

"हां."

ती रडली नाही, ओरडली नाही. उठली, आतून मोबाईल आणला, लांब धरून नंबर शोधला आणि लावून माझ्यापुढं केला. "दिगू हाय. मला सांगितलं तसं त्याला सांगा."

दिगंबर आता म्हातारा झालाय, गुडघ्यांनी अधू, पण जन्मभर नर्सरीत काढलेला माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटत होता. शेवटी म्हणाला, "रामभाऊ, त्ये पत्र दादांनी मलाच वाचायला लावलं हुतं. वाचून झाल्यावर म्हनले, पहार मी सोता मारली, खाली मुरूमच हुता, आता ही लिहून बी खोटं बोलाय लागली. मी म्हनलो, ताई असं करायची न्हाई. तर म्हनले, मग लेंडी आभाळातनं पडली का? त्यावरनं आमचं बी वाजलं. वरीसभर बोलत न्हवतो आमी." मग माळ्यानं माळ्याला विचारावं तसं त्यानं विचारलं, "किती घातली हुती?"

"चार घमेली."

तो म्हणाला, "दादा तीन म्हनले हुते. एक पान चावून."

वहिनीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि आत गेली. तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द येत नव्हते. मी उरलेल्या शेंगा सोलत बसलो, दुसरं काय करावं सुचेना. ती बाहेर आली तेव्हा शेंगा संपल्या होत्या. तिनं दाण्यांची पाटी उचलली, दारापर्यंत गेली आणि तिथूनच, माझ्याकडं पाठ ठेवून म्हणाली, "भाऊजी, उद्यापासनं चहाला येऊ नका. मला वाटंल तवा मी हाक मारीन."

मी बरं म्हणालो. आणखी काही ऐकायला ती बांधील नव्हती.

याला आता महिना होत आला. अंगण एकच आहे. सकाळी मी ओट्यावर वही घेऊन बसतो तेव्हा पलीकडून स्टोव्हचा आवाज येतो, मग कपबशीचा. हाक आली आणि ऐकू आली नाही असं व्हायला नको म्हणून मी हल्ली सकाळचा रेडिओ लावत नाही.